सोलापुरात छपराखालचं थीम पार्क : शेड तयार आहे, पैसा आधी कशावर घालावा?

पत्र्याचं_शेड

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोडला आमच्या मामांचं लूमचं शेड आहे. माग विकून झाले, काही वर्षं गोडाऊन म्हणून भाड्यानं होतं, आता तेही रिकामं. साधारण २२ हजार चौरस फूट, बाजूची उंची २० फूट, वर सिमेंटचे पत्रे, मधे खांबांच्या रांगा. मामांच्या डोक्यात इनडोअर थीम पार्क बसलंय. विचार चुकीचा नाही. मार्च ते जून दुपारी बारानंतर पोरांना घेऊन जायचं कुठं? बागेतली घसरगुंडी तव्यासारखी तापलेली असते.

मुंबईहून एक सल्लागार येऊन गेले. त्यांच्या चित्रांत डायनोसॉर, ज्वालामुखी आणि छताला टांगलेला रोलर कोस्टर. एसीचा उल्लेख शेवटच्या पानावर, एका ओळीत. मागच्या दाराचा कुठंच नाही.

माझं म्हणणं, आधी छप्पर, हवा आणि दारं. राइड उरलेल्या पैशात. मामांना हे रडगाणं वाटतं. जाणकारांनी बिनधास्त बोला, धागा त्यांना वाचायला देणार आहे.

खवचट_शेंगा

एसी लावून नुसत्या खुर्च्या मांडा बे. मे महिन्यात तिकीट काढून बसायला मी येतो.

वास्तुरंग

खवचटराव विनोद करताहेत, पण मोठी इनडोअर पार्कं जन्माला आली ती हवामानामुळेच. कॅनडातल्या एडमंटनच्या मॉलमधलं पार्क १९८३चं, बाहेर बर्फ म्हणून. सोलचं लोट्टे वर्ल्ड १९८९चं. अबू धाबीचं फेरारी वर्ल्ड २०१०चं, दुबईचं आयएमजी २०१६चं, अबू धाबीचं वॉर्नर ब्रदर्स २०१८चं. ही तिन्ही उन्हामुळे. मी काही वर्षं आखातात या धंद्यात ड्रॉइंग काढलीत, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

पहिली, वेगाची. फेरारी वर्ल्डचं छप्पर अवाढव्य आहे, तरी त्यांचा ताशी २४० किलोमीटरचा कोस्टर छपराखाली मावत नाही. स्टेशन आत, रूळ बाहेर. आयएमजीच्या मोठ्या कोस्टरचंही तेच, इमारतीतून बाहेर पडून परत आत येतो. ज्यांच्याकडे तेलाचा पैसा आहे त्यांनीही वेग बाहेर काढला. तुमच्याकडे २० फूट आहेत, त्यातले वरचे चार-पाच हवेचे डक्ट, दिवे आणि स्प्रिंकलरच्या (आग लागली की पाणी फवारणाऱ्या) पाइपात जाणार.

दुसरी, उजेडाची. छपराखाली गेल्यावर तुमच्या हातात येतो तो उजेड. वॉर्नरच्या पार्कात एका भागात कायम रात्र असते आणि चार पावलांवर भरदिवस. हे उघड्यावर कुणालाही जमत नाही, आणि याला कोस्टरच्या मानानं फार कमी पैसे लागतात. छपराची खालची बाजू, पाइप, डक्ट सगळं काळं करा आणि दिवे माणसाच्या डोक्याच्या जरा वर आणा. नजर वर जातच नाही. खांब लपवायच्या भानगडीत पडू नका, त्यांना झाड, चिमणी, दीपमाळ काहीही करा. आणि दारातून आत आल्या आल्या सगळं शेड दिसता कामा नये. आधी एक वळण, मग एक उंच वस्तू जी लांबून खुणावेल, मग तिच्याकडे जाताना बाकीचं. सगळं एकदम दिसलं की पोरगं पाच मिनिटांत म्हणतं, "बघून झालं."

आणि ते सिमेंटचे पत्रे जुने असतील तर त्यात ॲस्बेस्टॉस असणार. टांगायला त्यात भोकं पाडू नका, कापू नका, वायर ब्रशनं घासू नका. ती धूळ फुफ्फुसात गेली की परत येत नाही. ओले करून, अख्खे, माहितगार माणसाकडून उतरवून घ्या. छपराच्या जुन्या कैच्या (पत्रे पेलणारे त्रिकोणी सांगाडे) फक्त पत्र्याचं वजन धरायला बनवलेल्या असतात. त्यांना काहीही टांगण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअर लागेल.

मामा_स्वतः

भाच्यानं खातं उघडून दिलं म्हणून लिहितोय. जर्मनीत जुन्या विमानाच्या शेडमध्ये अख्खं पार्क केलंय, व्हिडिओ बघितलाय मी. त्यांना जमतं तर आम्हाला का नाही? कोस्टर नसेल तर लोक कशाला येतील?

वास्तुरंग

नमस्कार मामा. ते बर्लिनच्या दक्षिणेचं ट्रॉपिकल आयलंड्स. एअरशिप बांधायला केलेलं शेड, कंपनी बुडाली, २००४मध्ये तिथं पार्क झालं. ३६० मीटर लांब आणि १०७ मीटर उंच आहे ते. आपलं २० फूट.

कोस्टर नकोच असं नाही. मोटरवर चालणारा छोटा फॅमिली कोस्टर येतो, त्याला उंच चढून खाली पडायची गरज नसते, कमी उंचीत बसतो. फक्त तो मुकुटातला मणी आहे, मुकुट नव्हे.

गड्डावाला

कोस्टरवाल्यांनी एकदा गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर नीट उभं राहून बघावं. आकाशपाळणावाला पोरगा लोकांना ओळीनं भरत नाही. एक पाळणा भरला की चाक अर्धं फिरवतो, समोरचा भरतो, मग पाव फेरी, मग त्याच्या समोरचा. बाजूला उभी असलेली जाड मंडळी बरोबर हेरून ठेवलेली असतात, कुणाच्या समोर कोण बसवायचं ते. चाक एका अंगाला जड झालं तर मोटर कुंथते, हे त्याला कुठल्या कॉलेजात शिकवलेलं नाही. पण त्या भरण्या-उतरवण्यात फिरण्यापेक्षा जास्त वेळ जातो, आणि रांग तिथंच वाढते.

हाच हिशेब पार्काला लावा. १६ जणांची राइड, दोन मिनिटं फिरली, दोन मिनिटं चढ-उतार आणि पट्टे. तासाला १५ फेऱ्या, २४० माणसं. रविवारी आत ६०० माणसं असतील आणि प्रत्येकाला तासात दीड-दोन राइड मिळायच्या असतील, तर तासाला ९०० ते १२०० जागा लागतात. म्हणजे असल्या चार-पाच राइड, सगळ्या चालू. एक बंद पडली की रांगेत भांडणं. एकाच महागड्या कोस्टरवर पैसा संपवलात तर ६०० लोक त्याच्याकडे बघत उभे राहतील. त्यापेक्षा सॉफ्ट प्ले (फोमच्या गाद्यांवरचे खेळ), जाळ्या, चढायच्या भिंती असं घ्या. तिथं रांगच लागत नाही, पोरं आपापली जिरतात.

आणखी एक. जानेवारीत गड्ड्याशी टक्कर घेऊ नका. सगळं सोलापूर होम मैदानावर असतं. तेव्हाच पार्क बंद ठेवून वर्षाची मोठी दुरुस्ती उरका.

थंडगार

एसीचा माणूस आहे, त्यामुळे लांबेल.

सोलापूरचा मे म्हणजे दुपारी ४२-४३ अंश आणि हवा कोरडी. पत्र्याखाली इन्सुलेशन नसेल तर पत्रा स्वतःच हिटर होतो. २२ हजार फूट, आत ६०० नाचणारी पोरं-माणसं आणि त्यांच्यासाठी बाहेरून घ्यावी लागणारी ताजी हवा धरली, तर ढोबळ १६० टन तरी पकडा. छपराला चांगलं इन्सुलेशन आणि वरून पांढरा परावर्तक लेप दिलात तर हा आकडा उतरतो, आणि हा खर्च एकदाच होतो. वीजबिल दर महिन्याला येतं. म्हणून भाचा म्हणतो ते बरोबर आहे.

आता खरी सोलापुरी गंमत. मोठ्या एसीचे दोन प्रकार, पाण्यानं थंड होणारा आणि हवेनं थंड होणारा. पाण्याचा चिलर जवळपास निम्म्या विजेत काम करतो, म्हणून कुठलाही सल्लागार तोच सुचवेल. पण त्याच्या कूलिंग टॉवरमधून टनामागे तासाला साडेसहा-सात लिटर पाणी वाफ होऊन उडतं. १६० टन, दहा तास, पूर्ण लोड: ११ हजार लिटर नुसती वाफ. शिवाय आपल्या बोअरचं पाणी जड, क्षार साठतात, त्यामुळे टॉवरमधलं पाणी वरचेवर काढून टाकावं लागतं. रोजचा एक टँकर पुरणार नाही. ज्या गावात नळाला रोज पाणी येत नाही तिथं पार्काच्या गच्चीतून पाणी उडताना लोकांनी बघितलं तर काय होईल ते मामांना सांगायला नको. हवेचा चिलर वीज जास्त खातो आणि ४३ अंशांत धापा टाकतो. तरीही मी तोच घेईन, जरा मोठ्या मापाचा, आणि छपरावर सोलर टाकीन. ऊन कडक तेव्हाच एसीचा लोड जास्त, जोडी जमते.

कूलरचं विचाराल तर हवा कोरडी असल्यामुळे इथं डक्टवाला कूलर चांगला चालतो. ४२ अंश आणि २० टक्के आर्द्रतेची हवा तो २७ पर्यंत आणतो. पण तोही पाणी पितो, जुलैत दमट हवेत निकामी होतो, आणि आत ढकललेली सगळी हवा बाहेर जायला तेवढ्याच मोठ्या खिडक्या लागतात. तिकीटघर, रांग, चपला काढायची जागा इथं कूलर. खेळायच्या भागात एसी. ही विभागणी परवडते.

२० फूट उंची थंड करत बसू नका. माणसं खालच्या आठ फुटांत असतात. गार हवा खाली सोडा, गरम वरच्या वर साचू द्या आणि तिथूनच काढा. दाराला दार जोडून मधे छोटी खोली करा, नाहीतर दर रविवारी तुम्ही एमआयडीसीचा रस्ता थंड करत बसाल.

खवचट_शेंगा

एमआयडीसीचा रस्ता थंड झाला तर महापालिका कर लावेल.

बंब

आता माझा कडू डोस. फायर सेफ्टीची कामं करतो.

२५ मे २०२४, राजकोट, गेम झोन. पत्र्याचा सांगाडा, आत वेल्डिंग चालू, गो-कार्टसाठी इंधनाचा साठा, फायरची एनओसी नाही. किमान २७ जीव गेले, त्यात लहान मुलं. आपल्याकडे मे २०२५मध्ये याच अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागून ८ जण गेले. मामा, तुमच्या शेडपासून ते लांब नसेल. लूमच्या शेडांची रचना तुम्हाला ठाऊक आहे: पुढं एक मोठं शटर, खिडक्या चोरीच्या भीतीनं विटांनी बुजवलेल्या. मालासाठी ती ठीक होती, पोरांसाठी नाही.

शटर हे बाहेर पडायचं दार धरलं जात नाही. बाहेरच्या बाजूला उघडणारी, आतून किल्ली न लागणारी दारं पाहिजेत, विरुद्ध दिशांना. नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये गर्दीच्या इमारतीत ३० मीटरच्या आत दार गाठता आलं पाहिजे, आणि ते सरळ रेघेत मोजायचं नाही, पोरगं ज्या वळणांनी धावेल तसं मोजायचं.

डिझाइनवाल्यांनी एक जुनं प्रकरण जरूर वाचावं. आइल ऑफ मॅन बेटावरचं समरलँड, छपराखालचं करमणूक केंद्र, भिंती-छपराला पारदर्शक ॲक्रिलिक. २ ऑगस्ट १९७३ला आग लागली, ५० माणसं गेली. काही दारं कुलूपबंद होती. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आईबाप एका मजल्यावर आणि मुलं दुसरीकडे खेळत होती. आईबाप दाराकडे न जाता उलट्या दिशेनं मुलांना शोधत गेले. कुठलाही आईबाप हेच करेल, त्यात त्यांचा काय दोष. म्हणून नकाशातच मुलांचा भाग आणि पालकांची बसायची जागा शेजारी ठेवा, एकमेकांना दिसणारी, आणि दोघांचं दार एकच. कॅफे वरच्या माळ्यावर आणि सॉफ्ट प्ले खाली, ही फॅशन मला मान्य नाही.

भुताचं घर करणार असाल तर दहादा विचार करा. १९८४मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीच्या एका पार्कातल्या भुताटकीच्या महालात ८ तरुण पोरं गेली. ट्रेलर जोडून केलेला चक्रव्यूह, भिंतीला फोम, स्प्रिंकलर नाही. अंधारात धूर आणि किंकाळ्या, बाहेरच्याला खेळाचाच भाग वाटतो. करायचंच तर अलार्म वाजताच सगळे दिवे आपोआप लागले पाहिजेत, आवाज बंद झाला पाहिजे आणि दर काही पावलांवर बाहेर पडायची झडप पाहिजे.

फोमच्या प्रत्येक गादीचं, जाळीचं, पडद्याचं आग-चाचणीचं सर्टिफिकेट मागा, झेरॉक्स नव्हे. आणि छताला मोठे पंखे लावलेत तर आग लागल्यावर ते आपोआप थांबले पाहिजेत, नाहीतर स्प्रिंकलरचं पाणीच उधळून लावतात.

मामा_स्वतः

बंबसाहेब, ती आग आम्ही गच्चीवरून बघितली. खिडक्यांचं मनात घेतलंय. कोस्टरवर बोला कुणीतरी.

गड्डावाला

मामा, वर एडमंटनचा विषय आला ना, तिथंच १९८६मध्ये कोस्टरच्या शेवटच्या डब्याच्या चाकाचे बोल्ट निघाले आणि तीन माणसं गेली. कोस्टर घ्या, पण रोज सकाळी दार उघडायच्या आधी बोल्ट न् बोल्ट बघून सही करणारा माणूस पगारावर ठेवा. आपल्याकडे राइडसाठी आयएस १५४७५ हे भारतीय मानक आहे, त्याप्रमाणे तपासणी करून घ्या. दुसऱ्या पार्कातला जुना माल स्वस्तात मिळतो म्हणून कागदपत्रांशिवाय उचलू नका.

टेरीटॉवेल

थीमबद्दल कुणीच बोलेना. डायनोसॉर जगभर आहेत. आपल्याकडे माग आहे, गिरणी आहे, चादर आहे. धोटा मागात इकडून तिकडं, तिकडून इकडं पळतो, तसा एकाच रुळावर पुढं-मागं जाणारा कोस्टर करा. रूळ कमी लागेल, जागा कमी लागेल. डब्याला चादरीचे रंग. तासाला गिरणीचा भोंगा वाजवा. आजोबा लोक नुसता भोंगा ऐकायला येतील.

आणि आमच्याकडे टॉवेलचा सेकंड माल पडून असतो. छताला टांगला तर पत्र्याखालचा गोंगाट कमी होईल का?

वास्तुरंग

धोट्याची कल्पना झकास. पुढं-मागं जाणारे कोस्टर असतातच, आणि २० फुटांत हाच प्रकार शोभेल. गिरण्यांच्या छपराला उत्तरेकडे तोंड करून काचा असायच्या, उजेड यायचा पण ऊन नाही. तो करवतीसारखा आकार पुढच्या भिंतीवर घ्या, लांबून ओळखू येईल. कार्टूनची चित्रं पेंटरकडून भिंतीवर काढून घेऊ नका मात्र. परवानगीशिवाय काढली तर नोटीस येते आणि परवानगी महाग असते. चादरीवरच्या फुलांसाठी कुणी नोटीस पाठवणार नाही.

गोंगाटाचं तुमचं निदान बरोबर. पत्रा, काँक्रीटची फरशी आणि ३०० पोरं म्हणजे आवाज नुसता फिरत राहतो, पंधरा मिनिटांत आईबापांचं डोकं उठतं. लोक लवकर का निघून गेले याचं कारण कॅफेवाल्याला कधी कळत नाही. टेरी, म्हणजे टॉवेलचं कापड, आवाज पितो.

बंब

टेरी आगही पितो! कच्चा सूती टॉवेल छताला टांगू देणार नाही मी. अग्निरोधक प्रक्रिया केली तरी धुतल्यावर ती पुन्हा करावी लागते, आणि वर धूळ-लिंट साठते ती वेगळीच. वर रॉकवूलचे (न जळणाऱ्या दगडी लोकरीचे) बोर्ड घाला. चादर काचेमागं फ्रेम करा, नाहीतर नमुना पत्र्यावर रंगवा.

टेरीटॉवेल

बरं बाबा. मग कॅफेत हात पुसायला तरी घ्या.

जुळे_सोलापूरकरीण

सगळे पुरुष बोलताहेत वाटतं, कारण संडासाचं नाव नाही कुणाच्या तोंडी. दोन पोरांना घेऊन असल्या ठिकाणी गेलेल्या बाईला विचारा. लहान मुलाला "लागली" म्हटल्यावर एक मिनिट असतं. संडास खेळायच्या भागातूनच, पायात मोजे असताना जाता येईल असा पाहिजे. चपला शोधून तिकीटघर ओलांडून नव्हे. फरशी कोरडी. बायकांच्या बाजूला पुरुषांपेक्षा जास्त. बाळाचं लंगोट बदलायला एक फळी, आणि दूध पाजायला एक दार लागणारी खोली.

आजी-आजोबा सोबत येतातच. त्यांना पाठ टेकायची खुर्ची, पंखा आणि नातवंड दिसेल अशी जागा द्या. त्यांचं पूर्ण तिकीट लावू नका, ती माणसं चिडून बाहेर रिक्षात बसून राहतात आणि मग सगळ्यांनाच लवकर निघावं लागतं.

सूचना मराठी, तेलुगू, कन्नड, हिंदी सगळ्यांत द्या, पाट्यांवर चित्रंही. पूर्व भागातल्या आमच्या शेजारच्या अम्मांना मराठी पाटी वाचता येत नाही. उंचीचा नियम पाटीवर लिहू नका, दारात एक लाकडी बाहुला उभा करा. पोरगं त्याच्यापेक्षा बुटकं असेल तर भांडण बाहुल्याशी होतं, दारावरच्या मुलीशी नाही.

खाणं बाहेरचं चालणार नाही म्हणालात तर शेंगा चटणी आणि कडक भाकरी घेऊन आलेल्या कुटुंबाला काय सांगणार?

पत्र्याचं_शेड

ताई, हे छापून भिंतीला लावतोय.

मंगळवारचं कोडं राहिलंय. रविवार भरेल हो, मंगळवारी दुपारी कोण येणार?

गड्डावाला

शाळा. शिवाय तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर, गाणगापूर करणाऱ्या गाड्या सोलापुरावरूनच जातात, पोरं मागच्या सीटवर कंटाळलेली असतात. त्यांना दोन तासांचं तिकीट ठेवा, दिवसभराचं नको. आणि वाढदिवसाच्या खोल्या दोन तरी काढा. केकचा धंदा राइडपेक्षा बरा.

थंडगार

मंगळवारसाठी एसी भागाभागाचा करा. गर्दी नसेल तर अर्धं शेड बंद, दिवे बंद, पडदा ओढलेला. एकच मोठं यंत्र घेतलंत तर पाच पोरांसाठी १६० टन फिरवावे लागतील. लाइट गेली तर जनरेटर सुरू होईपर्यंतच्या काही सेकंदांसाठी बॅटरीचे दिवे हवेत. वीज आल्यावर राइड आपोआप चालू होता कामा नये, माणसानं बघून बटण दाबलं तरच.

मामा_स्वतः

सगळं वाचलं. स्ट्रक्चरवाला शुक्रवारी येतोय, पत्रे उतरवणाऱ्याचा भाव मागवलाय. मागच्या भिंतीला दोन दारं पाडतो. धोट्याचा कोस्टर मात्र पाहिजेच, छोटा का असेना. मुंबईवाल्यांना ज्वालामुखी काढायला सांगितला, ते म्हणतात ज्वालामुखी पॅकेजमध्ये फुकट आहे.

बंब

फुकटचा ज्वालामुखी फायबरचा असणार. त्याचं आगीचं सर्टिफिकेट मागा, तेच म्हणतील नको म्हणून.

खवचट_शेंगा

भोंग्याची जबाबदारी माझी. आमच्या आजोबांना गिरणीत उशीर झाला की अर्ध्या दिवसाचा पगार कापायचे, तुम्ही अर्धं तिकीट कापा.

पत्र्याचं_शेड

नकाशा तयार झाला की इथंच टाकतो. तोवर ॲस्बेस्टॉसचे पत्रे रीतसर उतरवून त्यांची रीतसर विल्हेवाट लावणारं कुणी पुणे-सोलापूर पट्ट्यात माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. जो भाव आलाय त्यात तो माणूस "फोडून ट्रॉलीत भरतो" म्हणतोय, त्याला परत पाठवलाय.